पहिल्या घासातलं लॅन्थनम

कुत्र्याच्या दातांवरचं कीटण वाचायचं यंत्र मी घेतलं, तेव्हापासून माझ्या दवाखान्यात आजारी जनावरं कमी आणि आजारी माणसं जास्त येऊ लागली. कुत्रं ठणठणीत असतं. त्याला साखळीला बांधून आणणाऱ्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

त्या शनिवारी सकाळी एक गृहस्थ आपला पामेरियन घेऊन आले. सोबत त्यांची आई होती. त्यांची सोसायटी शाकाहारी, आणि यांना संशय असा की वरच्या मजल्यावर नव्यानं आलेले शिर्के चोरून मटण शिजवतात आणि हाडं यांच्या कुत्र्याला टाकतात.

"कुंडली काढून द्या डॉक्टर," ते म्हणाले. साताऱ्यात या तपासणीला सगळे कुंडलीच म्हणतात.

मी काढून दिली. हाडांचा माग होता, चांगला ठसठशीत होता. फक्त तो शिर्के तिथं राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता. आलेखावर महिने वाचून दाखवले, तशा त्यांच्या आई खिडकीबाहेरचं झाड फार लक्षपूर्वक बघायला लागल्या. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पैसे देऊन निघून गेले. त्या घरात त्या दुपारी काय झालं असेल, याचा विचार करायचं मी आता सोडून दिलं आहे.

या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. माणसाच्या दातांवर जे कीटण साचतं, त्यात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी. अशा लाळेत कॅल्शियम कार्बोनेट सहज खाली बसतं, म्हणून कुत्र्याच्या कीटणात कॅल्साइटचा वाटा मोठा. कॅल्साइट म्हणजे आपली चुनखडी. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, जवळजवळ तोच. इथवरचं ज्ञान जुनंच आहे.

नवं कळलं ते एवढंच, की हा कॅल्साइट वाढता वाढता लाळेतले परके धातूही उचलून घेतो. ज्या धातूच्या अणूचा आकार कॅल्शियमच्या जवळपास, तो कॅल्शियमच्या जागेवर जाऊन बसतो. वरून पुढचा थर चढला की कायमचा आत अडकतो. यंत्रातला लेसर केसाहून बारीक रेघ ओढत तळाच्या थरापासून वरच्या थरापर्यंत जातो, उडालेल्या वाफेतले अणू मोजतो आणि पडद्यावर आलेख काढतो. पावसाळ्यात नळाचं पाणी बदलतं, तसा थरही बदलतो. त्यावरून महिने लावता येतात.

कुत्रं दात घासत नाही, आणि घरात जे शिजतं त्यातलं काहीतरी त्याच्या तोंडात जातंच. त्यामुळे घटस्फोटवाले, भाऊबंदकीवाले, भाडेकरू आणि घरमालक सगळे माझ्याकडे येतात. तोंडात काय गेलं ते यंत्र सांगतं. ते कुणी घातलं आणि का घातलं, हे सांगत नाही. प्रत्येक अहवालाच्या तळाशी मी हे ठळक अक्षरांत छापतो. ते कुणी वाचत नाही.

दुपारी दवाखाना बंद करून वर घरी गेलो, तर आक्का येऊन बसली होती. आक्का माझी थोरली बहीण, कराडला असते. शैलजानं तिच्यासमोर चहा ठेवला होता आणि त्यावर साय धरली होती. माझी बायको स्वयंपाकघरात, बहीण बाहेरच्या खोलीत, मध्ये उघडं दार. दोघींचं बोलणं आबा गेल्यापासून बंद होतं.

आबा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यावर गावचं घर बंद करून ते आमच्याकडे राहायला आले, येताना आपला तांबू नावाचा तांबडा कुत्रा घेऊन आले. आबा पालीच्या खंडोबाचे भक्त, त्यामुळे कुत्रं म्हणजे त्यांना देवाघरचा पाहुणा. इथं आल्यावर वर्षभरात त्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं.

डायलिसिसनं रक्तातला फॉस्फरस पुरेसा निघत नाही. तो साचत राहतो, कॅल्शियमशी जोडी जमवतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दगड धरतो. त्यावर किडनीच्या डॉक्टरांनी, मुजावरांनी, लॅन्थनम कार्बोनेटच्या गोळ्या दिल्या. लॅन्थनम हा धातू पोटातच अन्नामधला फॉस्फरस पकडून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. म्हणून गोळी जेवणाबरोबरच पाहिजे. "पहिल्या घासापासून पोटात गेली पाहिजे," असं मुजावरांनी शैलजाला बजावून सांगितलं होतं.

गोळी चावून खायची, आणि आबांच्या तोंडात दात नाहीत. कवळी त्यांनी डबीत घालून ठेवलेली. शिवाय गोळीची चव खडूसारखी. "खडू खायला मी काय शाळेतला फळा हाय?" म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी ती परत केली होती. पुढचं सगळं शैलजानं बघितलं. मी बघितलं नाही, कारण मी खाली लोकांच्या कुत्र्यांची तोंडं बघत होतो.

फॉस्फरस काही उतरला नाही. मुजावरांनी गोळीची ताकद वाढवली, तरी आकडा हटेना. शेवटी त्यांनी आक्कासमोरच विचारलं, "औषध पोटात जातंय ना नक्की?" त्यानंतर थोड्याच दिवसांत आबांचं हृदय थांबलं. तेराव्याला सगळे पाहुणे पंगतीला बसले असताना आक्का म्हणाली, "गोळी पोटात गेली असती तर माणूस अजून बसला असता इथं." तिनं नाव कुणाचं घेतलं नाही. वाढता वाढता शैलजाचा हात थांबला आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हापासून आमच्या भावकीत माझी बायको म्हणजे म्हाताऱ्याला औषधाविना मारणारी सून झाली होती.

"बापू," आक्का मला म्हणाली, "तांबूची कुंडली काढ."

"कशाला?"

"आबा निजायचे तिथंच त्यो निजायचा. गोळ्या टाकून दिल्या असतील तर कुत्र्याच्या तोंडात कायतरी गावंलच. आमच्या शेजारणीचं असंच उघडं पडलं."

"आक्का, कुणी टाकून दिल्या नाहीत."

"मग भितोस कशाला?"

तेवढ्यात शैलजा दारात आली. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "काढा अहो. काही निघालं नाही तर आक्का गप्प बसतील का, तेवढं फक्त विचारून घ्या."

"बसंन," आक्का म्हणाली. "पाया पडून जाईन तुझ्या."

"पाया नका पडू. तेराव्याला जे जेवायला होते, त्यांना फोन करून सांगा."

शैलजा इतकी निर्धास्त होती, की मला माझीच लाज वाटली. कारण शंका मलाही होती. आबांचं सगळं करताना ती किती दमायची, ते मी बघत होतो. दमलेलं माणूस एखाद्या वेळी राहू दे म्हणतं. हे मी तिला कधी बोललो नाही, पण मनात होतं.

तांबूला खाली नेलं. बारा वर्षांचं शहाणं कुत्रं, तोंड उघडून धरलं तरी हूं की चूं नाही. वरच्या मोठ्या दाढेवर कीटणाची जाड खपली होती. तिच्याकडे बघून मी वरमलो. घरात माझा नियम होता की तांबूला फक्त त्याचा सुका खाऊ द्यायचा, ताटातलं काही घालायचं नाही. गावाला दातांवर व्याख्यानं देणार मी, आणि घरच्या कुत्र्याच्या तोंडात ही अवस्था. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चिमट्यानं खपली काढली, यंत्रात ठेवली आणि खुर्चीत बसून राहिलो.

आलेख उमटायला लागला. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, पावसाळ्यांच्या खुणा, गावचं पाणी जाऊन साताऱ्याचं पाणी आलं तो टप्पा, सगळं जिथल्या तिथं. मग लॅन्थनमची रेघ तळ सोडून उभी चढली.

लॅन्थनमचा अणू आकारानं कॅल्शियमच्या अगदी जवळचा, त्यामुळे कॅल्साइट त्याला आनंदानं जागा देतो. पण पाण्यात किंवा भाकरीत तो असून नसल्यासारखा असतो. इतकं लॅन्थनम कुत्र्याच्या तोंडात यायला एकच वाट होती. आबांच्या गोळ्या सुरू झाल्या तिथं रेघ चढली होती, गोळीची ताकद वाढली तिथं आणखी वर गेली होती, आणि आबा गेले तिथं ती खाली येऊन पुन्हा तळाला लागली होती. मध्ये खंड नव्हता. गोळ्या रोज दिल्या गेल्या होत्या, आणि त्या तांबूनं खाल्ल्या होत्या.

मला शैलजाचा भयंकर राग आला. एखादा दिवस चुकला असता तर मी समजून घेतलं असतं. हे रोजचं होतं. मागच्या महिन्यात तांबूचं रक्त तपासलं, तेव्हा या वयात याची मूत्रपिंडं इतकी चांगली कशी, म्हणून मी तिच्याकडेच कौतुक केलं होतं. फॉस्फरस कमी राहिला की म्हाताऱ्या कुत्र्याचीही मूत्रपिंडं टिकतात. औषध लागू पडलं होतं, फक्त कुत्र्याला.

राग थोडा ओसरला तेव्हा वाटलं, आलेख पुसून टाकावा. वर जाऊन सांगावं, काही नाही निघालं. आक्का फोन करेल, शैलजाचं नाव स्वच्छ होईल, आणि मी उरलेला जन्म हे पोटात घेऊन काढीन. तेच ठरवून मी जिना चढलो.

दोघी आपापल्या जागी तशाच होत्या. "काही नाही," मी म्हणालो.

शैलजानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "काय निघालं?"

मग सांगावंच लागलं. आक्कानं कपाळावर हात मारला. "बघ. मी म्हणत न्हवते?"

"मी एकही गोळी टाकलेली नाही," शैलजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायचं त्राण तिच्यात नव्हतं. "दोन्ही वेळेला दिली. ज्या दिवशी मला ताप होता, त्या दिवशीसुद्धा दिली."

"कशी दिलीस?" मी विचारलं. आबांच्या आजारपणात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"खलबत्त्यात कुटून. नुसती दिली तर घेत नव्हते ना. मग भाकरी आमटीत कुस्करायची, त्यात पूड मिसळायची आणि एकच घास वळून ताटाच्या कडेला, उजव्या हाताला ठेवायचा. बाकीचं ताट वेगळं वाढायचं. पहिल्या घासापासून पोटात गेली पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. आबा ताटावर बसले की पहिला हात त्याच घासाला जायचा, मी सुरुवातीला दारातून बघून घेतलं होतं."

"खाताना बघितलंस?"

"सासऱ्यांच्या समोर उभं राहून त्यांचा घास मोजू का? तव्यावर दुसरी भाकरी असायची. ती घेऊन येईपर्यंत कडेचा घास गेलेला असायचा. रोज. कधी उरला नाही."

मी आक्काकडे पाहिलं. आता ती तोडून काहीतरी बोलणार, म्हणून मी तयारीत होतो. पण आक्काचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं थंड झालेला चहा उचलला, प्यायली नाही, पुन्हा खाली ठेवला.

"थुकली असंल आबांनी," ती म्हणाली. "ल्हानपणापासून सवय त्येंची. वैद्याचा काढासुदिक तोंडात धरून मागं जाऊन थुकायचे. कुत्र्यानं चाटलं असंल."

शैलजानं खाली फरशीकडे पाहिलं.

"तुझी चूक न्हाई गं. मी करते सगळ्यास्नी फोन. आज रातच्याला करते." आक्का उठली. खरंच वाकून ती शैलजाच्या पाया पडायला गेली, तेव्हा शैलजानं तिला दंडाला धरून वर उचललं. मग आक्का पिशवी घेऊन जिना उतरली. तिला एसटी स्टँडवर सोडायला मी मागोमाग गेलो.

खाली माझ्या गाडीत बसली तशी ती रडायलाच लागली. मला काही समजेना. शेवटी तोंडावर पदर धरून म्हणाली, "बापू, आबांनी न्हाई थुकली गोळी. त्येंला ठावंच नव्हतं घासात गोळी हाय म्हणून."

"मग?"

"तुला आठवतं का, गावाकडं आबा जेवायला बसले की पयला घास कुणाचा?"

आठवत होतं. पहिला घास खंडोबाच्या कुत्र्याचा. तो काढून दिल्याशिवाय आबा स्वतःच्या तोंडात शितही घालत नसत. साताऱ्याला आल्यावर मी माझा नियम सांगितला आणि ते बरं म्हणाले. मला वाटलं, सोडलं त्यांनी.

"फोनवर मला सांगायचे," आक्का म्हणाली. "सून लई गुणाची हाय म्हणायचे. बापूनं बंदी केली, पण तिनं न सांगता माझ्या मनातलं वळखलं. रोज ताटाच्या कडंला कुत्र्याचा घास येगळा काढून ठिवते, नवऱ्याला कळू देत न्हाई, मला बोलून दावत न्हाई. तू बापूला सांगू नगंस, तिला बोलणी खावी लागतील. मला किती येळा सांगितलं, आन् माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाई बघ."

तीन माणसं एका घरात राहत होती, तिघांनी आपापलं काम चोख केलं होतं. शैलजानं डॉक्टरांचं ऐकलं, आबांनी देवाचं ऐकलं, आणि मी नियम घालून दिला म्हणून दोघंही त्या घासाबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

"तिला कळता कामा नये," आक्का म्हणाली. "तिच्याच हातचा घास हुता. जगायची न्हाई ती. माझी शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली. आक्काला कराडच्या गाडीत बसवून घरी आलो, तेव्हा शैलजा ओट्यापाशी भांडी विसळत होती.

"आक्का खाली रडत होत्या," ती पाठमोरीच म्हणाली. "मी गॅलरीतून पाहिलं."

"आबांची आठवण आली तिला."

"आबांनी थुंकली नाही गोळी. थुंकली असती तर मला दिसली असती. फरशी मीच पुसायचे."

"जाऊ दे ना आता. संपलं ते."

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "एक विचारू? आबा आक्कांशी माझ्याबद्दल कधी चांगलं बोलायचे का हो? माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. ताट सरकवायचे आणि हात धुवायला उठायचे. मला वाटायचं, यांना माझं काहीच पटत नाही."

"बोलायचे की."

"काय बोलायचे?"

"भाकरी छान करते म्हणायचे."

"भाकरी त्यांना चावत नव्हती," शैलजा म्हणाली. "आमटीत लगदा करून द्यायचे मी. त्याचं काय कौतुक करणार?" ती येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. "खरं सांगा. आक्का खाली जे बोलल्या, ते सांगा."

मी आक्काची शपथ आठवून बघितली. पण दिवसभर परक्या लोकांना त्यांच्या घरातलं खरं सांगून मी थकलो होतो, आणि हिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. शिवाय ही सोडणार नव्हती. आज नाही तर उद्या, कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, ती विचार करत करत तिथं पोचलीच असती, आणि तेव्हा एकटी असती.

म्हणून सांगितलं. पहिला घास कुणाचा ते सांगितलं. आबा फोनवर काय म्हणायचे, ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन्ही वेळेला?"

"हो."

"एकदाही नाही गेली त्यांच्या पोटात?"

"रेघेत खंड नाही."

ती किंचाळेल, मला बोलेल, माझ्या नियमाचं नाव घेऊन आई-बाप काढेल, असं मला वाटलं. तिनं केलं असतं तर बरं झालं असतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली होती.

"गुणाची म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो."

"असं म्हणाले? सून गुणाची आहे असं?"

"कितीतरी वेळा म्हणाले."

आबा गेल्यापासून ती रडली नव्हती. ती आता रडायला लागली, आणि मला उठून तिच्याजवळ बसण्यापलीकडे काही करता आलं नाही.